खोत : मालक की मक्तेदार? कोकणातल्या एका शब्दाचा इतिहास

१/२१
१० जानेवारी १९३८. मुंबईच्या रस्त्यांवरून हजारो शेतकरी कौन्सिल हॉलच्या दिशेने चालले होते. त्यांतील अनेकजण रत्नागिरी, कुलाबा आणि ठाणे या जिल्ह्यांतून आले होते. त्यांच्या मागण्यांत एक मागणी ठळक होती : खोती रद्द करा.
'खोत' हा शब्द अवघ्या दोन अक्षरांचा. पण खोत गावाचा मालक की सरकारी वसुलीचा मक्तेदार, या प्रश्नावर रत्नागिरी जिल्ह्यात शतकाहून अधिक काळ वाद चालला. या शब्दाचा अर्थ जो लागेल, त्यावर लाखो कुळांची भाकरी ठरणार होती.

२/२१
शब्दाच्या मुळाशी मक्त्याची कल्पना आहे. एखादे उत्पन्न ठरावीक रकमेला उचलायचे, ती रक्कम सरकारात भरायची आणि वर जे उरेल ते आपले म्हणायचे. जमीनमहसुलाप्रमाणे इतर करांच्या वसुलीची आणि मालाच्या ठोक व्यवहाराची 'खोती' घेतल्याचे उल्लेखही जुन्या मराठीत येतात. एकोणिसाव्या शतकातील मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही महसुलाचा मक्ता घेणारा हा अर्थ नोंदवलेला आहे.
या अर्थात जमिनीची मालकी कुठेच नाही. ती पुढे कशी येऊन चिकटली, हाच या शब्दाचा खरा इतिहास.

३/२१
उत्तरेच्या इतिहासात याच्याशी मिळताजुळता एक शब्द भेटतो. अलाउद्दीन खिलजीच्या कारकिर्दीचे (१२९६ ते १३१६) वर्णन करताना झियाउद्दीन बरनी 'खूत' आणि 'मुकद्दम' या गावप्रमुखांचा उल्लेख करतो. हे लोक स्वतःचा भार दुबळ्या रयतेवर ढकलतात, म्हणून सुलतानाने त्यांच्या सवलती काढून घेतल्या, असे तो सांगतो.
'खूत' आणि 'खोत' यांचे नाते काही अभ्यासक जोडतात, पण त्याविषयी एकमत नाही. राजा, रयत आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला वसुलीदार हा त्रिकोण मात्र कोकणापेक्षा पुष्कळ जुना आहे, एवढे यावरून दिसते.

४/२१
मग ही पद्धत कोकणातच एवढी का रुजली? उत्तर भूगोलात सापडते. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये अरुंद पट्टी, तीही डोंगर-खाड्यांनी चिरलेली. भातशेती खाचरांपुरती. उतारावरची 'वरकस' जमीन काही वर्षे नागली-वरी पिकवून पुन्हा विश्रांतीसाठी सोडावी लागे. रस्ते नाहीत, रोख पैसा दुर्मीळ.
अशा मुलखात प्रत्येक कुळाकडून वसुली करणे दूरच्या राजधानीला परवडणारे नव्हते. गावागणिक एक जबाबदार माणूस धरून त्याच्याकडून ठरलेली रक्कम घेणे सोपे होते. खोतीचा उगम सोळाव्या शतकातील आदिलशाही अंमलाशी जोडला जातो, तो या संदर्भात.

५/२१
सुरुवातीच्या खोताचे काम केवळ वसुलीचे नव्हते. ओस पडलेले गाव पुन्हा वसवणे, बाहेरून कुळे आणणे, त्यांना बी-बियाणे आणि बैल घेण्यासाठी उचल देणे, नवे खाचर बांधायला मदत करणे, हेही तो करी. त्यासाठी भांडवल आणि दरबारी ओळख लागे. खोतांमध्ये चित्पावन ब्राह्मणांची संख्या मोठी होती, पण मराठा आणि मुसलमान खोतही होते.
शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी कोकणात जमिनीची मोजणी केली, तरी मधला खोत नाहीसा झाला नाही. पुढे अनेक घराण्यांनी सनदा मिळवल्या आणि मक्ता वंशपरंपरेने चालू लागला. वर्षाच्या कराराचा धनी 'वतनदार खोत' झाला.

६/२१
रत्नागिरी जिल्ह्यातली सगळी गावे खोतीची नव्हती. येथे गावांचे तीन प्रकार ओळखले जात.
पहिला, धारेकऱ्यांचा किंवा 'कुळारगी' गाव : येथे शेतकरी आपला 'धारा', म्हणजे सरकारी सारा, थेट भरत असे.
दुसरा, खोती गाव : येथे सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे.
तिसरा, 'खिचडी' गाव : काही जमीन धाऱ्याची, काही खोतीची.
हा शेवटचा शब्द सरकारी कागदपत्रांतही गेला. एकाच बांधाच्या अलीकडचा शेतकरी फक्त सारा भरतो आणि पलीकडचा पिकाचा मोठा वाटा देतो, हे खिचडी गावात रोज डोळ्यांसमोर असे.

७/२१
खोती चालायची कशी? खोत सरकारला 'कबुलायत' लिहून देई : या वर्षी या गावाची अमुक रक्कम भरीन. मग तो कुळांकडून पिकाचा वाटा घेई. भातजमिनीवर साधारणपणे निम्मा, म्हणून 'अर्धेल'. वरकस जमिनीवर तिसरा हिस्सा, म्हणून 'तिर्धेल'. ही वसुली आणि सरकारात भरलेली रक्कम यांतला फरक म्हणजे 'खोती फायदा'.
ज्याच्याकडे तक्षीम, म्हणजे खोतीतला हिस्सा, तो तक्षीमदार. एकाच गावाचे अनेक तक्षीमदार असत आणि गावाचा कारभार त्यांच्यात पाळीपाळीने फिरे. ज्याची पाळी, तो त्या वर्षीचा व्यवस्थापक खोत.

८/२१
खरा कस लागे तो 'अभावणी'च्या वेळी. कापणीपूर्वी खोत किंवा त्याचा माणूस शेतावर येऊन उभ्या पिकाचा अंदाज बांधी, आणि वाटा त्या अंदाजावर ठरे.
हिशेब सोपा आहे. अभावणीत १० मण भात धरले, तर अर्धेलीने ५ मण खोताचे. पुढे पाऊस लागला, कीड पडली आणि प्रत्यक्षात ८ मणच हाती आले, तरी खोताचे ५ मण कायम. कुळाकडे उरले ३, त्यातूनच पुढच्या वर्षाचे बियाणेही काढायचे. निम्म्या वाट्याचा करार अशा रीतीने निम्म्याहून अधिक होई. अभावणी चढी केल्याची तक्रार कोकणात वारंवार होत राहिली, त्याचे कारण हे.

९/२१
धान्याखेरीज 'वेठ' होती. खोताच्या शेतावर ठरलेले दिवस विनामोबदला राबायचे, नांगर-बैल घेऊन जायचे, ओझी वाहायची. ही सेवा कागदावर कमी आणि रूढीत अधिक असे. त्यामुळे तिचे मोजमाप कठीण होते आणि ती नाकारणे त्याहून कठीण. जे कूळ आज वेठ नाकारी, त्यालाच पावसाळ्याच्या तोंडाशी खावटीसाठी, म्हणजे पोटापुरत्या उसनवार धान्यासाठी, खोताच्या ओटीवर जावे लागे.
वसुलीदार, सावकार, धान्याचा साठेदार आणि गावचा मानकरी या चारही भूमिका एकाच घरात एकवटल्या, म्हणजे कराराच्या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही.

१०/२१
चित्राची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सगळे खोत श्रीमंत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन कित्येकांच्या वाट्याला नाममात्र तक्षीम उरली. कुळांकडून वसुली होवो न होवो, सरकारी रकमेची जबाबदारी खोतावर असे, आणि ती चुकल्यास जप्ती येई.
साने गुरुजींचा जन्म १८९९ साली दापोली तालुक्यातील पालगडच्या अशाच एका खोताच्या घरी झाला. हे घराणे उतरणीला लागले होते. 'श्यामची आई'मधील दारिद्र्याची पार्श्वभूमी एका खचलेल्या खोतघराची आहे. पुढे गुरुजी खानदेशात शेतकरी आणि कामगारांच्या बाजूने उभे राहिले.

११/२१
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि रत्नागिरी इंग्रजांकडे आली. मुंबई इलाख्यात लवकरच रयतवारी रूढ झाली. तिचे तत्त्व असे : प्रत्येक शेताची मोजणी, प्रत्येक शेतावर ठरावीक आकार, आणि सरकारचा व्यवहार थेट शेतकऱ्याशी.
या चौकटीत खोत बसत नव्हता. तो जमीनदार आहे काय? तसे असेल, तर कुळे त्याच्या मर्जीची. तो केवळ वसुलीचा मक्तेदार आहे काय? तसे असेल, तर जमिनीवरचा हक्क कुळांचा आणि खोताला मिळायचे ते कामाचे वेतन. इंग्रज अधिकाऱ्यांतच दोन पक्ष पडले. दोघेही जुन्या सनदांतून आपापल्या सोयीचे पुरावे काढत राहिले.

१२/२१
असा मधला माणूस इंग्रजी सत्तेला अपरिचित नव्हता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात 'टॅक' म्हणजे भाडेपट्टा आणि तो घेणारा 'टॅक्समन'. कुळाच्या प्रमुखाकडून मोठा जमीनपट्टा घ्यायचा, तो लहान शेतकऱ्यांना लावून द्यायचा आणि दोन्ही रकमांतल्या फरकावर जगायचे. टॅक्समन बहुधा प्रमुखाचाच नातलग आणि लढाईत त्याचा सरदार असे.
१७४६ च्या कलोडनच्या लढाईनंतर ही लष्करी गरज सरली. जमीनमालकांनी मधल्या माणसाला हटवायला सुरुवात केली. कित्येक टॅक्समन आपल्या माणसांसह अमेरिकेला निघून गेले.

१३/२१
हे साम्य उद्‌बोधक आहे आणि फरक त्याहूनही अधिक. टॅक्समनचा पट्टा मुदतीचा होता. मुदत संपली, की मालक नवा करार करी किंवा करारच करीत नसे. खोताचा मक्ता वंशपरंपरेने चालू लागला आणि त्याला वतनाचे बळ मिळाले. शिवाय स्कॉटलंडमध्ये टॅक्समनच्या डोक्यावर जमीनमालक ठाम उभा होता. मधला माणूस गेल्यावर त्याच मालकांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी पुढे लहान शेतकऱ्यांनाही जमिनीवरून हटवले.
कोकणात मालक कोण, हेच अनिश्चित होते. त्या अनिश्चिततेतून खोताची सत्ता वाढली. मात्र कुळांच्या हक्काची शक्यताही तिच्यातच शिल्लक राहिली.

१४/२१
१८६५ च्या मोजणी कायद्याने खोती गावांतही मोजणी करून कुळांनी खोताला किती द्यावे, हे ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. खोतांनी त्याला कडवा विरोध केला. आपल्या आणि कुळाच्या मध्ये सरकार आले, तर आपण मालक उरत नाही, हे त्यांनी अचूक ओळखले होते. अर्ज, दावे आणि चौकशा यांत दीड दशक गेले.
अखेर १८८० चा पहिला कायदा आला. तो 'खोती कायदा' म्हणून ओळखला जातो. तडजोड अशी झाली : खोताचा हक्क वंशपरंपरागत म्हणून मान्य, पण धारेकरी आणि कायम कुळे यांचे हक्कही मान्य, आणि कुळांकडून घ्यायच्या रकमेची नोंद व मर्यादा.

१५/२१
तडजोडीत एक बारीक गाठ होती. कायम कुळाचा हक्क वारसाने मुलांकडे जाऊ शके, पण खोताच्या संमतीशिवाय जमीन दुसऱ्याला देता येत नसे. म्हणजे पोटापुरता हक्क मिळाला, बाजारातला मिळाला नाही.
आणि सारे काही नोंदीवर अवलंबून राहिले. कुळाचे नाव सरकारी दप्तरात कोणत्या वर्गात लागले, यावर त्याच्या नातवंडांचे भवितव्य ठरले. लिहिता-वाचता येणारा पक्ष एकच होता. खोताच्या हक्काचे नेमके स्वरूप काय, हा प्रश्न पुढेही मुंबई उच्च न्यायालयासमोर पुन्हा पुन्हा येत राहिला.

१६/२१
विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सरकारने कायद्यात दुरुस्ती आणायचे ठरवले, तेव्हा वाद वृत्तपत्रांत पोहोचला. लोकमान्य टिळकांनी 'केसरी'तून खोतांची बाजू मांडली. परंपरागत हक्कांत परकीय सरकारने हात घालू नये, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव, आणि तेथे त्यांच्या घराण्याकडे खोतीचा हक्क होता. दुरुस्ती १९०४ मध्ये झाली.
या प्रसंगाला इतिहासात महत्त्व आहे. सरकार परकीय आणि कूळ स्वकीय असताना राष्ट्रवाद्याने कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हा प्रश्न पुढील पिढीपुढे अधिक तीव्रतेने येणार होता.

१७/२१
दरम्यान कुळांनी स्वतःची वाट शोधली होती. भात दोन-चार महिन्यांत संपले, की घरातला कर्ता पुरुष गलबताने, पुढे आगबोटीने मुंबई गाठी. कापड गिरण्या, गोदी, पोलीस, पलटण : रत्नागिरीचा माणूस सगळीकडे होता. 'चाकरमानी' हा शब्द या स्थलांतराने घरोघरी पोहोचवला.
मुंबईहून येणारी मनिऑर्डर घर चालवी आणि प्रसंगी खोताचे देणेही भागवी. गिरणीतली मजुरी अशी कोकणातल्या खोतीला आधार देत राहिली. पण त्याच गिरणगावात कूळ सभा, संघटना आणि संप शिकले. खोताच्या ओटीखाली उभा राहणारा माणूस लालबाग-परळमध्ये मोर्चात चालू लागला.

१८/२१
पहिला मोठा स्फोट शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात झाला. अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची सभा भरली आणि २५ गावांनी खोतांची भातशेती न कसण्याचा निर्धार केला. संप १९३९ पर्यंत चालला.
एवढी वर्षे जमीन पडीक ठेवणे म्हणजे स्वतःचाच घास सोडणे होते. लोक जंगलातली लाकडे, करवंदे आणि खाडीतली मासळी विकून जगले. एकजूट मात्र मोडली नाही. १९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने 'संरक्षित कूळ' ही कल्पना आणली, तिच्या पार्श्वभूमीला या संपाचे मोठे बळ होते.

१९/२१
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात, खोतीच्याच मुलखात. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोतांना वाजवी भरपाई द्यावी आणि प्रत्यक्ष जमीन धारण करणाऱ्यास रयतवारीतील कब्जेदाराचा दर्जा मिळावा, हे त्याचे सूत्र.
१० जानेवारी १९३८ चा मोर्चा याच मागणीसाठी होता. शिष्टमंडळ पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना भेटले (त्या काळी प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत). खेरांचा जन्मही रत्नागिरीचाच. विधेयक मात्र संमत झाले नाही.

२०/२१
निर्णय स्वातंत्र्यानंतर आला. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ मध्ये तयार झाला आणि १९५० मध्ये अमलात आला. खोताचा मध्यस्थ म्हणून असलेला हक्क संपला, गावातली पडीक जमीन सरकारजमा झाली. खोताची खासगी जमीन, म्हणजे 'खोती खासगी', त्याच्याकडे राहिली. त्याच्या नावे पण कुळांच्या वहिवाटीत असलेली 'खोती निसबत' वेगळी धरली गेली. त्यानंतर कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले.
पण खासगी की निसबत, हा तंटा तिथेही उरलाच. जुनी नोंद ज्याच्या बाजूची, त्याला कायदा सोपा गेला. मुंबईत राबणाऱ्या कित्येक कुळांना आपले नाव कसणाऱ्याच्या रकान्यात आहे की नाही, हे उशिराच कळले.

२१/२१
पद्धत गेली, शब्द राहिला. तो आडनावात आहे. मुंबईच्या गिरगावातील खोताच्या वाडीच्या नावात आहे. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीच्या शीर्षकात आहे. कोकणातल्या काही गावांत शिमग्याच्या पालखीसमोर खोतघराचा मान आजही पुकारला जातो.
मक्तेदार, वतनदार, कायद्याने मान्य केलेला हक्कदार आणि शेवटी आडनाव, एवढा या शब्दाचा प्रवास. प्रत्येक टप्प्यावर त्याचा अर्थ दप्तरात कोणी लिहिला, त्यावर शेतातल्या भाताचा वाटा ठरला. रत्नागिरीतल्या एखाद्या घराच्या पेटीत जुनी कबुलायत, वाट्याची पावती किंवा फेरफाराचा उतारा सापडला, तर तो जपून ठेवावा. आपल्या पणजोबांना सरकारने कूळ म्हटले, धारेकरी म्हटले की खोत, ते त्या कागदावर लिहिलेले असेल.